टोरांटोला यायचंय, पण विज्ञानकथा आणि मोर्चे सुटतील का?

अगं, तू विचारलंस की मास्टर्सला टोरांटोला आलीस तर पुण्यातलं लिखाण आणि मोर्चे, सभा यातलं काय टिकेल. दोन्ही टिकतं, पण लिखाणावर पोट भरत नाही हे आधीच धरून चाल. इंग्रजी विज्ञानकथांची चांगली मासिकं शब्दाला ८ अमेरिकन सेंटच्या आसपास देतात, म्हणजे ५,००० शब्दांची कथा लागली तर ४०० डॉलर, त्यात इथलं महिन्याचं खोलीभाडंसुद्धा निघत नाही. वर स्टडी परमिटवर टर्म चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम, आणि कॅनडा कौन्सिलची, म्हणजे कलाकार-लेखकांना पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेची, ग्रँट पीआर (कायमच्या रहिवासाचा परवाना) असला किंवा सिटिझन असलं तरच.

मोर्चात जायला, लिहायला, बोलायला सिटिझन असावं लागत नाही, चार्टरने, म्हणजे कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेने, ते हक्क सगळ्यांना दिलेत. मत मात्र सिटिझनलाच, आणि इथली सिटिझन झालीस की भारतीय पासपोर्ट गेला, मग ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) भारतात मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, पत्रकारितेला वेगळी परवानगी लागते. परत येऊन पुण्याच्या राजकारणात उतरायचं तुझ्या मनात आहे म्हणून सांगते, सिटिझन व्हायची घाई करू नकोस, मी अजून भारतीय पासपोर्टच ठेवलाय.

आल्या आल्या जूडिथ मेरिल वाच. अमेरिकन विज्ञानकथाकार, १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध लेखकांच्या सह्या गोळा करून मासिकात जाहिरात देण्यात ती पुढे होती, त्याच वर्षी देश सोडून इथे आली, लष्करभरती टाळून आलेल्या पोरांना मदत केली, आणि १९७० मध्ये स्वतःची सगळी पुस्तकं पब्लिक लायब्ररीला देऊन टाकली. तो संग्रह आता कॉलेज स्ट्रीटच्या लिलियन स्मिथ शाखेत तिसऱ्या मजल्यावर आहे, दाराशी ब्राँझचे पंखवाले प्राणी बसलेत. घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं, पण फुकट. इथे आल्यावर तिने कथा फारशा लिहिल्या नाहीत, रेडिओ केला, १९८५ मध्ये कॅनडातल्या विज्ञानकथांचा संग्रह संपादित केला, आणि मला तिचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण त्याने बाकीच्यांना जागा मिळाली.

आणि मराठी सोडू नकोस प्लीज. वेताळ टेकडी उरलीच नाही अशा पुण्याची तुझी कथा मी दोनदा वाचली, ती इंग्रजीत कर पण पुढची आधी दिवाळी अंकालाच पाठव. खोली सबवेजवळ बघ, भाडं थोडं जास्त पडलं तरी, रात्री सभा संपल्यावर थंडीत बसची वाट बघणं फार जड जातं.