चाळिशी लागली, मन मात्र पंचविशीतच: असं सगळ्यांचंच होतं का?

तुम्ही विचारलंय की वय ४३, मोबाइल आताशा हात लांब करून वाचावा लागतो, पण मन पंचविशीच्या पुढे सरकलेलंच नाही. शरीर आणि मन वेगवेगळ्या वेगानं म्हातारं होतं का? आणि एका वयानंतर माणूस बदलायचा थांबतो, हे खरं का?

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापकही नाही. नागपुरात बर्डीला आमचं चष्म्याचं दुकान आहे. आधी बाबा बसायचे, गेली ३१ वर्षं मी बसतो. माणसाचं वय मला चेहऱ्याआधी नंबरावरून कळतं, तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

तुम्हाला जे झालंय त्याला आपल्याकडे सरळ चाळिशीच म्हणतात. वयाचंच नाव चष्म्याला देऊन टाकलं, इतका हा हिशोब पक्का. पण ही भानगड चाळिशीत सुरू होत नाही. डोळ्याच्या आतलं भिंग जवळचं बघताना फुगतं आणि लांबचं बघताना चपटं होतं. दहा वर्षांचं पोर पुस्तक डोळ्यांपासून ७-८ सेंटिमीटरवर धरूनही वाचतं. पुढे भिंग हळूहळू ताठर होत जातं आणि हे अंतर वाढत वाढत चाळिशीच्या आसपास २०-२५ सेंटिमीटरवर येतं. आपण पुस्तक साधारण तिथंच धरतो, म्हणून तेव्हा कळतं. तीस वर्षं गुपचूप चाललेलं काम एखाद्या दिवशी हॉटेलचं मेन्यूकार्ड हातात घेतल्यावर उघडकीला येतं, बस.

आणखी एक गोष्ट, जी मला आजही चमत्कारिक वाटते. भिंगावर कांद्यासारखे थर चढत जातात आणि जुना थर कधीच गळून पडत नाही. कातडी बदलते, रक्त बदलतं, पण भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी आईच्या पोटात असताना तयार झालेल्याच राहतात. हे उत्तर तुम्ही त्यांच्यातूनच वाचताय.

आता मनाचं. "भाऊ, आजकाल अक्षरंच बारीक छापून राहिले," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणतीच नाही. कोणाला दुकानातला लाइट कमी वाटतो. एकानं तर मोबाइल कंपनीलाच शिव्या घातल्या. मी गालात हसायचो. मग मला ४४ वं लागलं. गल्ल्यावर चाळिशांचा ढीग पडलेला, पण स्वतः एक घालीन तर शपथ! एका गिऱ्हाइकाच्या कार्डावर सिलिंडरचा अ‍ॅक्सिस, म्हणजे तिरप्या नंबराची काच किती अंशांत बसवायची तो आकडा, ८० लिहिला होता. इंग्रजी आकडा, मला आठाचा सहा दिसला. काच ६० वर लागली. ते काकाजी दुसऱ्या दिवशी परत आले, "चष्मा घातला की जमीन तिरपी दिसते." दोन्ही काचा मी माझ्या खर्चानं बदलून दिल्या आणि त्याच संध्याकाळी स्वतःसाठी प्लस एकचा चष्मा काढला.

तेव्हा तुम्ही एकटे नाही. डेन्मार्कमधली २००६ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते की चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आपलं वय खऱ्यापेक्षा साधारण २० टक्क्यांनी कमी वाटतं. त्या हिशोबानं तुम्ही मनानं पस्तिशीचे असायला हवेत. पंचविशी म्हणजे जरा जास्तच घेताय! त्याच पाहणीत पंचविशीच्या आतल्यांना मात्र आपण आहोत त्यापेक्षा मोठे वाटतो. हे तर मी काउंटरवर रोज बघतो. सोळा वर्षांचा पोट्टा बापाची असते तसली जाड काळी फ्रेम उचलतो आणि बाप हळूच रंगीत फ्रेमांच्या कप्प्याकडे सरकतो.

पोरांचं थोडक्यात सांगतो. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढं अंतर. शाळेच्या वयात अंगासोबत डोळाही लांब होतो, म्हणून मायनस, म्हणजे लांबचं बघायचा नंबर वाढत जातो आणि बहुतेकांचा विशीच्या आसपास स्थिरावतो. उन्हं कलल्यावर रोज तास-दोन तास पोरांना बाहेर खेळायला सोडा, नंबर लागण्याची शक्यता कमी होते. आणि वयात आलेल्या पोराला रात्री बारापर्यंत झोप येत नाही तो सगळाच आळस नसतो. त्या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. पुढचा-मागचा विचार करायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्का होत असतो.

जिथं सगळ्यात जास्त गैरसमज होतात ते वय बायकांचं ४५ ते ५०. काकू येतात, "नंबर बदलला बहुतेक, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं." तपासावं तर नंबर तोच. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते. त्या काळात अनेकींचे डोळे कोरडे पडतात, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप तुटते. सोबत आलेले काका मात्र हळूच मला सांगतात, "हिचा स्वभावच चिडका झाला." अहो, महिना महिना नीट न झोपलेल्या माणसाचा स्वभाव कसा राहील? काकूंना चष्मा न विकता डॉक्टरकडे पाठवतो. स्वभाव म्हणून जे खपतं त्यात शरीराचा वाटा किती, हे मला या काकूंनी शिकवलं.

उलटंही होतं, शरीर उतरतं आणि मन चढतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. नवं झटपट टिपण्याचा वेग तर तिशीच्या आधीच उतरायला लागतो. पण शब्दसंग्रह साठीपर्यंत वाढत राहतो, आणि नको ते सोडून देण्याची अक्कलही येते. विशीतली पोरगी चाळीस फ्रेमा लावून बघते आणि रडकुंडीला येते. सत्तरीतले आबाजी म्हणतात, "दोन दाखव." त्यातली एक घेतात आणि गप्पा मारत बसतात. मे महिन्यात मी त्यांना आधी पाणी देतो. म्हातारपणी तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. नागपूरच्या ४५ अंशांत ते धोक्याचं आहे.

तुमचा दुसरा प्रश्न. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्ये लिहून ठेवलं की तिशीपर्यंत स्वभाव प्लॅस्टरसारखा घट्ट होतो. नंतरच्या लोकांनी माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की स्वभाव तिशीनंतरही हळूहळू बदलतो. पण आम्हा नागपूरकरांना त्यासाठी लांब कशाला जावं लागतं? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा घेतली तेव्हा ते ६५ वर्षांचे होते, तब्येत खालावलेली होती. हिंदू म्हणून मरणार नाही हे त्यांनी येवल्याला १९३५ मध्येच सांगितलं होतं. पुढची एकवीस वर्षं विचार चालू होता.

तुमच्यापुरतं सांगायचं तर डोळे तपासून घ्या आणि चाळिशीनंतर डोळ्याचा दाबही मोजायला सांगा. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतो.

आमचे बाबा आता ८१ चे. तीन वर्षांपूर्वी एके सकाळी चष्म्याशिवाय पंचांग वाचायला लागले. "नजर परत आली रे माझी," म्हणून गल्लीभर सांगून आले. मला कळलं होतं. मोतीबिंदू पिकायला लागला की भिंगाचा गाभा घट्ट होतो, मायनस नंबर येतो आणि काही महिने जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. त्यांच्या आनंदावर पाणी टाकायला मला आठ दिवस लागले. थंडीत ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आले, बेसिनशी हात धुताना आरशासमोर थबकले. बराच वेळ बघत राहिले आणि मग आईला हाक मारली, "अवं, हा बुढा कधीपासून राहून राहिला आपल्या घरी?"