कानोसा घेणं आणि चोरून ऐकणं, एकच का?

प्रश्न : आमच्या घरी वाद पेटलाय. मी आणि हे बेडरूममध्ये नव्या फ्लॅटच्या लोनबद्दल बोलत होतो, सासूबाई दाराबाहेर उभ्या होत्या. मुलगी ओरडली, "आजी चोरून ऐकतेय!" सासूबाई भडकल्या, म्हणाल्या मी नुसता कानोसा घेत होते, जेवायला हाक मारायची होती. मला तर दोन्ही एकच वाटतं. आणि मुलीने परीक्षेत 'कान देणे'चा अर्थ 'चोरून ऐकणे' लिहिला तर मार्क कापले, ते बरोबर का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : ताई, एकच नाही हो. कानोसा हा शब्दांचा नसतो, परिस्थितीचा असतो. रात्री गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली की आपण लगेच दार उघडत नाही, आधी जरा थांबून ऐकतो, कोणी आहे का, पावलं वाजतायत का, तो कानोसा. आत माणसं जागी आहेत की झोपली, पाहुणे बसलेत का, भांडण चाललंय का, एवढंच कळून घ्यायचं असतं. म्हणून तर निवडणूक आली की पेपरवाले सर्रास 'मतदारांचा कानोसा घेतला' असं छापतात आणि उमेदवार मिसळीच्या हॉटेलात बसून कानोसा घेतात, त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

चोरून ऐकण्यात मात्र दोन गोष्टी लागतात. बोलणाऱ्याला पत्ता नसतो, आणि ऐकणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हे आपल्यासाठी नाही. आत बोलणं चालू आहे एवढं कळल्यावर सासूबाईंनी हाक मारली असेल किंवा मागे फिरल्या असतील तर कानोसा. पण जेवताना भाजी वाढता वाढता त्यांनी "हप्ता जरा जास्त नाही का होत?" असं विचारलं असेल, तर तुमची मुलगी बरोबर आहे 🙂

यात खरी गंमत क्रियापदाची आहे. 'कानावर पडलं', 'कानावर आलं', 'कुणकुण लागली', 'सुगावा लागला', हे सगळं बघा, यात माणूस काही करतच नाही, गोष्टच आपली चालत येऊन त्याच्या कानावर पडते नाहीतर त्याला लागते. तेच 'कानोसा घेतला', 'कान लावला', 'चोरून ऐकलं' म्हटलं की करणारा समोर उभा राहतो, त्याने घेतला, त्याने लावला. म्हणून पकडलेला माणूस कधीच "मी ऐकलं" म्हणत नाही, "माझ्या कानावर आलं" म्हणतो. आपल्या भाषेने ही पळवाट अगदी तयार करून ठेवलीय, ऑफिसात तर रोज वापरतात लोक. आणि कुणकुण न् सुगावासुद्धा एकात घालू नका. कुणकुण अस्पष्ट असते, काहीतरी शिजतंय एवढीच. सुगावा लागला की मागोवा घेता येतो, म्हणून पोलिसांच्या बातमीत सुगावाच वाचायला मिळतो.

मार्कांचं म्हणाल तर बाईंनी बरोबर कापले. कान देणे म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, चांगल्या अर्थाने. कान लावणे मात्र दोन्हीकडे जातं. निकालाच्या बातमीकडे कान लावून बसणं वेगळं आणि दाराला कान लावणं वेगळं. कान कशाला लावलाय ते बघायचं.

प्रश्न : अशा चोरून ऐकणाऱ्या माणसाला मराठीत एक शब्द कोणता? 'हलक्या कानाचा' चालेल का? (रविवार कारंजा)

उत्तर : अजिबात नाही चालणार. हलक्या कानाचा म्हणजे कोणी काहीही सांगितलं की त्यावर विश्वास ठेवणारा. ज्याचे कान भरता येतात तो. तिखट कानाचा म्हणजे ज्याला बारीकसं सुद्धा ऐकू येतं तो, पण तो चोरून ऐकतोच असं नाही. हेर कामावर नेमलेला असतो. जासूद म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात, पण पेशवाईत पत्रं पोचवणाऱ्यालाही जासूदच म्हणायचे. खबऱ्या ऐकून थांबत नाही, पुढे पोचवतो. घरातल्या माणसासाठी 'चोंबडा' किंवा 'चोंबडी' जवळ जातं, पण ते नसत्या उठाठेवी करणाऱ्याला, ऐकणं हा त्यातला एक भाग. म्हणजे नेमका एक शब्द नाही, सरळ 'चोरून ऐकणारा' म्हणा. माझा आपला अंदाज, जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी फळ्यांची पार्टिशनं, माडीवरचं खाली आणि ओटीवरचं माजघरात ऐकू यायचंच, सगळेच ऐकणारे, मग एकट्या कोणाला वेगळं नाव कशाला ठेवायचं? 'भिंतीला कान असतात' म्हणून आवाज खाली आणायचा, झालं.

प्रश्न : 'षट्कर्णी होणे' म्हणजे सहा जणांना कळणे का? (पंचवटी)

उत्तर : सहा जण नाही, सहा कान, म्हणजे तीन माणसं. दोघांत, म्हणजे चार कानांत असेल तोवर मसलत टिकते, सहा कानांत गेली की फुटते, असं जुनं संस्कृत वचन आहे, त्यातून हे आलं. आता मात्र गावभर झाली या अर्थानेच वापरतात, ते रूढ झालंय, वापरा. 'ट' पूर्ण लिहू नका, पाय मोडा. कर्णोपकर्णी वेगळं, ते एका कानातून दुसऱ्या कानात असं पसरत जाणं.

प्रश्न : फोन टॅपिंगला मराठी शब्द सुचवा. (सिडको)

उत्तर : टॅपिंगच म्हणा, सगळ्यांना कळतं. 'चोरून ऐकणे' तिथे थोडं अडचणीचं होतं, कारण सरकार रीतसर हुकूम काढून फोन ऐकू शकतं, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातच ती सोय होती. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फोनवरचं बोलणं खासगीपणाच्या हक्कात येतं, त्यामुळे गृहसचिवाच्या पातळीवरचा हुकूम हवा आणि त्यालाही मुदत हवी. असा हुकूम नसताना कोणी ऐकलं तर खुशाल चोरून म्हणा. आणि शेजाऱ्याने खिडकीतून मोबाईल पुढे करून तुमचं भांडण टिपलं तर ते टॅपिंग नाही, ते नुसतं चोरून केलेलं रेकॉर्डिंग.