रेनमीटर (डेस्कटॉप सजवायचं सॉफ्टवेअर) लावल्यापासून लॅपटॉप रडतखडत चालतोय, फॉरमॅट मारू का?

अजिबात मारू नका. तुम्ही लिहिलंय की जुना आय-थ्री, चार जीबी रॅम, डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, गाण्यावर नाचणाऱ्या पट्ट्या अशी भरगच्च थीम आणि सिडकोतल्या दुकानदाराने थेट "विंडोज नवीन टाकू" म्हणून सांगितलं. नवीन विंडोजवर तुम्ही तीच थीम परत लावणार, आणि दुखणंही तेच परत येणार. मी नाशिकरोडला दुरुस्तीची कामं करतो, कॉलेजच्या मुलांचे असे लॅपटॉप नेहमी येतात. रेनमीटर स्वतः अगदी हलकं आहे. जड असते ती त्यावरची एखादी स्किन, म्हणजे घड्याळ, हवामान असा डेस्कटॉपवर दिसणारा एकेक तुकडा.

आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि काहीही न करता मिनिटभर रेनमीटरचा सीपीयू आकडा बघा. साध्या स्किन्सना एखाद-दोन टक्के पुरतात. तुमच्या आय-थ्रीमध्ये विंडोजला चार लॉजिकल प्रोसेसर (एकाच वेळी वेगवेगळी कामं उरकणारे भाग) दिसत असतील आणि आकडा २५ च्या आसपास अडकून बसला असेल, तर समजा की त्यातला एक अख्खा रेनमीटरनेच धरून ठेवलाय. सगळ्या स्किन्सचं मुख्य काम एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच रांगेत एकामागून एक चालतं, त्यामुळे एकीने वेळ खाल्ला की बिचारं घड्याळसुद्धा अडखळतं. म्हणून एकेक स्किन अनलोड करत जा. जी काढल्यावर आकडा धपकन खाली येईल, तीच तुमची गुन्हेगार.

ती परत लोड करा, तिच्यावर राइट क्लिक करून 'एडिट' घ्या. नोटपॅडमध्ये फाइल उघडेल. वरच्या बाजूला चौकटी कंसात रेनमीटर लिहिलेला भाग असतो, त्यात 'अपडेट' या इंग्रजी शब्दापुढे बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा दिसेल. हा आकडा मिलिसेकंदांत असतो. तिथे १६ असेल तर ती स्किन सेकंदाला साठेक वेळा सगळं नव्याने मोजतेय. घड्याळाला याची गरजच काय? १००० करा, सेव्ह करा, स्किन रिफ्रेश करा. गाण्याच्या पट्ट्यांना मात्र १००० चालणार नाही, त्या थिजल्यासारख्या दिसतील. तिथे ३३ किंवा ४० ठेवून बघा. डोळ्याला फारसा फरक कळत नाही, फॅनला लगेच कळतो. डिस्कची जागा दाखवणाऱ्या मोजणीला वेगळं 'अपडेट डिव्हायडर' देता येतं. मूळ अपडेट १००० असताना तिथे ६० लिहिलं की ती मिनिटाला एकदाच चालते, आणि तेवढं भरपूर आहे.

हवामानाची स्किन जुनी असेल तर सरळ काढून टाका. अशा कितीतरी स्किन्स याहूच्या हवामान सेवेवर चालायच्या, ती २०१९ मध्ये बंद झाली. नाशिकचं तापमान त्यांत आता येणारच नाही, रेनमीटरच्या 'अबाउट'मधल्या लॉगमध्ये नुसत्या चुका साठत राहतात. ताजी स्किन शोधा.

थीमबरोबर हलता वॉलपेपरही लावला असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. माझ्या मते चार जीबीच्या मशीनवर तो नकोच. फारच आवडत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट कमी करा आणि दुसरी खिडकी पूर्ण उघडली की तो थांबेल असा पर्याय निवडा.

अजून एक बघा. रेनमीटरच्या स्किन्स डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये असतात, आणि हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) जोडलेलं असतं. एखादी स्किन सतत फाइलमध्ये काही लिहीत असेल तर वनड्राइव्हही तिच्यामागे धावत राहतं. सिंक थोडा वेळ थांबवून फरक पडतो का बघा.

एवढं करूनही लॅपटॉप चालू केल्यावर पहिली काही मिनिटं मंद वाटत असेल, तर तो दोष थीमचा नाही. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मधून नको ते बंद करा. आत अजून फिरती हार्डडिस्क असेल तर फॉरमॅटला देणार होतात ते पैसे एसएसडीसाठी ठेवा.