बीटलच्या मागच्या झरोक्यांतून पाणी येतं म्हणून ते बुजवायचे का?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: १९७२ ची फोक्सवॅगन बीटल, म्हणजे इंजिन मागे असलेली गाडी, पार्ल्याला उघड्या कंपाउंडमध्ये गुलमोहराखाली उभी. मागच्या झाकणावर झरोक्यांच्या चार ओळी. रात्रभर पाऊस झाला की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, सुरू झालीच तर दहा मिनिटं मिस मारते आणि मग जणू काही झालंच नाही अशी पळते. मेकॅनिक म्हणतो, झाकणाला आतून रेक्झिन चिकटवून टाकू.

चिकटवू देऊ नका. या इंजिनाला रेडिएटर नाही. डायनॅमोच्या शाफ्टवरचा पंखा झरोक्यांतून हवा ओढतो आणि चारही सिलिंडरवर ढकलतो, तेवढाच त्याचा थंडावा. इंजिनं मोठी होत गेली तशी कंपनीने झाकणाला भोकं वाढवली, ती शोभेसाठी नाहीत. त्यातून जुन्या पद्धतीचं, म्हणजे ऑइल कूलर पंख्याच्या डब्यातच असलेलं इंजिन कोणी बसवलं असेल, तर तीन नंबरच्या सिलिंडरला आधीच हवा कमी मिळते. वर रेक्झिन लावून सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की पाण्याने वाचलेलं इंजिन उष्णतेने जाईल.

मुळात चालत्या गाडीत वरून येणाऱ्या थेंबांचा फारसा त्रास होत नाही, इंजिनाच्या उष्णतेने ते सुकतात. त्रास उभ्या गाडीत होतो, आणि इंजिनाला नाही, इग्निशनला, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेला होतो. म्हणून आधी डेल्कोची, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढून उजेडात नीट बघा. आतल्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथून पळतोय. ती कॅप घासून सुधारत नाही, बदलायचीच. कॅपखाली फिरणारा रोटरही सोबत बदला. मग रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून झाकण उघडा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर हलका फवारा मारा. हात आणि कपडे बेल्टपासून लांब. जिथे निळी ठिणगी नाचताना दिसेल, ती वायर गेली. ही चाचणी फुकट आहे आणि बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असं सांगणारे भेटतील. डेल्कोतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, घासायची कटकट जाते हे खरं, पण कॅप आणि वायरी त्याच राहतात, तेव्हा ओल्या सकाळचं दुखणं त्याने जात नाही.

प्लगच्या वायरीवर, ती पत्र्यातून खाली जाते तिथे, रबराची एक जाड चकती असते. आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांत ती गायब. ती नसली की पाणी सरळ प्लगच्या खड्ड्यात जातं, शिवाय थंड हवा तिथून निसटते ते वेगळंच. इंजिनाभोवतीची रबरी पट्टीसुद्धा तपासा. ती कडक होऊन तुटली असेल तर चाकांनी उडवलेलं पाणी आणि खालची गरम हवा दोन्ही वर येतात.

आता वरचं पाणी. ते अडवायचं नाही, वळवायचं. झरोक्यांच्या झाकणाखाली पत्र्याचा ट्रे बसतो, कन्व्हर्टिबलला तो कंपनीतूनच येत असे. पाणी कॉईल, डेल्को आणि कार्बोरेटरवर न पडता कडेने खाली उतरतं, हवेला मात्र वाट राहते. तयार मिळाला तर उत्तम, नाहीतर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून अॅल्युमिनियमचा वाकवून घ्या. कडेने दोन बोटं जागा ठेवायला सांगा आणि झाकण एअर क्लीनरला न घासता बंद होतंय ना ते तिथेच बघा. मागच्या काचेखालच्या झरोक्यांत गुलमोहराची बारीक पानं साचतात, ती दर आठवड्याला काढा. तिथे ओला कचरा राहिला की पत्रा आतून सडतो.

प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, विशेषतः गरम इंजिनावर. आत वाफ धरते. हवा खेळणारं कव्हर घ्या. आणि रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवायची सवय असेल तर मोडा. ऑइल नीट तापत नाही, उलट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, पाणी जमतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा.

तुंबलेल्या पाण्यात मात्र यातलं काहीच कामाचं नाही. खालची पुली पाण्याला लागली की ती पाणी भिरकावते आणि ते वर इग्निशनवरच येतं. हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे या मुंबईतल्या पाणी तुंबणाऱ्या जागा, पावसात तिथून जायचंच नाही. उभी गाडी बुडालीच तर सेल्फला हात लावू नका. प्लग काढा, ऑइल सोडा (अडीच लिटर तर बसतं, जीव कशाला टांगायचा), ते दुधाळ दिसलं तर नवं ऑइल घालून थोडं चालवून पुन्हा बदला. एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर त्याचीही वाटी रिकामी करा.

कॅप आणायला ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाल तेव्हा जुनी कॅप आणि रोटर सोबत न्या आणि डेल्कोवरचा नंबर लिहून घ्या. नुसतं "बीटलची कॅप द्या" म्हटलंत तर काउंटरवर येईल ती बसेलच असं नाही, कारण इतक्या वर्षांत या गाड्यांना कुठलाही डेल्को बसवलेला असू शकतो.