एका टनात अर्धा ग्रॅम

प्रिय मित्रा,

सोन्याच्या खाणीवरचं तुझं टिपण 'एकूण इतके लाख औंस' इथून सुरू होतं. ती ओळ शेवटी ने. कमी दर्जाच्या सोन्यात आधी एका टनाचा हिशोब मांडायचा.

समज, टनाला ०.५ ग्रॅम सोनं आहे, फोडलेल्या खडकाच्या ढिगावर सायनाइडचं द्रावण ठिबकवून त्यातलं ६५ टक्के निघतं आणि भाव ग्रॅमला ६० डॉलर धरला. हाती येतं ०.३२५ ग्रॅम, म्हणजे १९.५० डॉलर. खडक फोडून वाहायला टनाला २.५० डॉलर, टनभर खनिजामागे दोन टन टाकाऊ खडक निघत असेल, तर तीन टनांचे ७.५०. प्रक्रिया आणि व्यवस्थापन ५. उरले ७. आता दर्जा ०.४ कर. उत्पन्न १५.६० वर येतं, खर्च जागचा हलत नाही, उरतात ३.१०. दर्जा पाचव्या हिश्शाने घसरला आणि नफा निम्म्याहून जास्त गेला.

कट-ऑफ, म्हणजे ज्या दर्जाखाली खडक परवडत नाही ती सीमा, दोन असतात; त्या मिसळू नकोस. कुठवर खोदायचं हे ठरवताना सगळा खर्च धरायचा. पण खड्ड्याच्या काठावर आलेल्या खडकाची खोदाई होऊन गेलेली असते; तो ढिगावर जाईल की टाकाऊत, हे फक्त त्या ५ डॉलरवर ठरतं. ५ भागिले (६० × ०.६५), म्हणजे सुमारे ०.१३ ग्रॅम.

खरी गोम रिकव्हरीत, म्हणजे खडकातलं किती टक्के सोनं हाती येतं त्यात, आहे. बारीक दळलेल्या नमुन्याची बाटलीतली चाचणी हुरूप वाढवणारा आकडा देते. ढिगावर जाणार त्याच आकाराच्या खडकावर, उंच नळकांड्यात केलेल्या चाचण्या माग, आणि त्याही प्रत्येक प्रकारच्या खडकाच्या. चिकणमाती जास्त असेल तर ठिबकाचं द्रावण वर साचतं किंवा एकाच वाटेने खाली पळतं; मग सिमेंट घालून गोळ्या वळाव्या लागतात आणि टनाचा खर्च चढतो. तांबं असेल तर ते सायनाइड खातं. चुन्याने पीएच १० च्या वर राखला नाही, तर सायनाइडचा विषारी वायू होऊन उडतो. नेवाडातल्या कार्लिन पट्ट्यात १९६५ पासून उघड्या खाणी चालल्या त्या वरच्या ऑक्साइड, म्हणजे हवापाण्याने झिजलेल्या, थराच्या जोरावर. खोलवरचं, पायराइटमध्ये (लोह-गंधकाच्या खनिजात) अडकलेलं सोनं सायनाइडला दाद देईना, तेव्हा ऑटोक्लेव्ह (उच्च दाबाची तापवलेली भांडी) आणि भट्ट्या उभारायची पाळी आली. त्या परवडायला दर्जा बराच वरचा लागतो.

ढिगावर टाकलेलं सोनं म्हणजे विकलेलं सोनं नव्हे. ते महिनोन् महिने झिरपत राहतं, तोवर डिझेलची बिलं थांबत नाहीत. खेळतं भांडवल वेगळं धर.

तुझ्या तक्त्यात खाण बंद करण्याच्या खर्चाची ओळच नाही. ढीग धुणं, आम्लयुक्त पाणी रोखणं, पाण्याची शुद्धी, हे उत्पन्न थांबल्यावरही चालू राहतं. कोलोरॅडोतल्या समिटव्हिलची कंपनी डिसेंबर १९९२ मध्ये दिवाळखोर झाली आणि तिथला पसारा सरकारी पर्यावरण संस्थेला हाती घ्यावा लागला. ही रक्कम घालून टनाचा हिशोब पुन्हा कर, आणि तोच तक्ता भाव ४५ धरूनही पाठव.

तुझा,
एक जुना खाणकामगार