‘वहिनीसाहेबांना काय कमी!’

कष्ट माझे आणि नाव नवऱ्याचं, ही तक्रार घेऊन बऱ्याच जणी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. नवरा आमदार असला की ती जरा वेगळ्या वळणावर जाते.

कोल्हापूरकडच्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) झोप लागत नाही म्हणून आल्या. कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना. सुरुवात एका डंकावर झालेली. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला; कोणती किती घ्यायची हे त्या झोपेतही सांगतील. यजमान तेव्हा साधे कार्यकर्ते होते.

ठिणगी पडली ते आमदार झाल्यावर, पुढच्या निवडणुकीच्या उमेदवारी अर्जाच्या वेळी. नमुना २६ च्या शपथपत्रात बायकोचीही मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि शासकीय कंत्राटं दाखवावी लागतात. उत्पन्नाचा स्रोतही. हे सगळं कुणालाही वाचता येतं. त्यांचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, खाली शेरा: ‘साहेब निवडून आले, मसाला महागला.’

“त्या वर्षी कर्ज काढून पॅकिंगचं मशीन घेतलं होतं. हप्ते मी फेडले. कुणाकुणाला सांगत बसू?”

‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ हा सल्ला इथं कुचकामी. मतदारांकडे पाठ फिरवून त्या घराला चालणार कसं? शिवाय बायकांच्या नावावर पैसा ठेवला जातो, म्हणूनच तो रकाना आला. लोकांचा संशय काही हवेतला नाही. हे मी बोलून दाखवलं. त्यांना आवडलं नाही. मग विचारलं, “लोक म्हणतात त्यात खरं काहीच नाही?”

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “उधारी आता न मागता वसूल होते. आणि एका शासकीय वसतिगृहाची ऑर्डर यांच्या कार्यकर्त्यानं आणली.”

झोप उडवणारं दुखणं हे होतं. आपलं कर्तृत्व कुठं संपतं आणि साहेबांचं वजन कुठं सुरू होतं, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं. मी त्यांना जुनी खातेवही काढायला सांगितलं. साहेब निवडून येण्याआधीची गिऱ्हाइकं कोणती, नंतरची कोणती, त्यातली चवीसाठी किती टिकली. निम्म्याहून अधिक धंदा जुन्यांचाच निघाला. एवढी वही त्यांनी याआधी कधीच चाळली नव्हती, याचं मला नवल वाटलं.

एका बैठकीला साहेबही आले, सारखे फोन घेत. “लोक बोलणारच, तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“अहो, बोलण्याचं जाऊ द्या. प्रचाराला कारखान्याचा टेम्पो मिळणार नाही. आणि माझ्या कारखान्यातल्या बायका सभेला येणार नाहीत.”

टेम्पोचं त्यांनी मान्य केलं. बायकांवरून दोघांत अजून धुसफूस आहे. वसतिगृहाची ऑर्डर बाईंनी पुन्हा घेतली नाही. नफा घटला, कार्यकर्ता रुसला. झोप बरीच सुधारली आहे, सभांचे दिवस सोडून.