ब्राउझरमध्ये मराठी अक्षरं पुसट दिसतात, शिरोरेखा करडी आणि दुहेरी वाटते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की साडेअठरा इंची जुना मॉनिटर घेतलाय, विंडोज १० आहे. क्रोममध्ये इंग्रजी वाचता येतं, पण मराठी पान उघडलं की शिरोरेखा करडी दिसते, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीचं संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागतं. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ डीटीपीचं काम करतो. हीच तक्रार घेऊन बरेच जण येतात, आणि पुष्कळदा दोष ब्राउझरचा निघत नाही.

म्हणून आधी एवढं बघा. क्रोम बंद करा आणि डेस्कटॉपवर एखाद्या फोल्डरला मराठीत नाव द्या. तेही पुसट दिसलं तर दोष ब्राउझरमध्ये शोधू नका, आधी खाली मॉनिटरचं लिहिलंय ते करा. नाव स्वच्छ दिसलं तर खाली फॉन्टचं लिहिलंय तिथून सुरुवात करा.

असं का होतं ते सांगतो. माझे वडील चादरीच्या कारखान्यासाठी जॅकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, ग्राफ भरायचे. ग्राफच्या कागदावर एक चौकोन भरायचा किंवा रिकामा ठेवायचा, अर्धा भरायची सोय नाही. मोराची मान कितीही गोल काढा, कागदावर तिच्या पायऱ्याच होतात, कारण मागावर धागा एक तर वर उचलला जातो नाहीतर खाली राहतो. स्क्रीनही ग्राफच आहे. फरक इतकाच की इथे चौकोन अर्धवट, करड्या रंगानेही भरता येतो. शिरोरेखा चौकोनांच्या एका ओळीत नेमकी बसली तर काळी, धारदार दिसते. ती दोन ओळींच्या मधोमध पडली की दोन्ही ओळी अर्ध्या-अर्ध्या भरतात आणि तुम्हाला जाड, करडी पट्टी दिसते. इंग्रजीत अशी अख्ख्या शब्दावरून जाणारी आडवी रेघ नाही, म्हणून तिथे हे तितकं खटकत नाही.

आता तुमचा मॉनिटर. साडेअठरा इंची रुंद मॉनिटर बहुतेक १३६६ × ७६८ चौकोनांचा असतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, रिझोल्यूशन उघडा आणि ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तोच निवडलेला आहे का पाहा. माझ्या दुकानातल्या मशीनवर एकाने विंडोज नव्याने टाकून दिली, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र नीट चालवणारा प्रोग्रॅम, टाकलाच नव्हता. स्क्रीन १०२४ × ७६८ वर अडकली होती. म्हणजे आडवे तीन चौकोन ओढून चारांवर पसरलेले! प्रत्येक अक्षर फुगलेलं, प्रत्येक काना मळलेला. दोन दिवस मी फॉन्ट बदलत बसलो होतो. तुमच्या यादीत १३६६ दिसतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल तर हेच झालंय. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या.

केबल निळ्या डोक्याची, पंधरा पिनांची असेल तर मॉनिटरचं 'ऑटो' बटणही एकदा दाबा. त्या केबलमधून सिग्नल अॅनालॉग येतो आणि चौकोनांचा मेळ थोडा सरकू शकतो. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तीच वापरा.

फोल्डरचं नाव स्वच्छ आणि क्रोम पुसट, असं असेल तर आधी कंट्रोल आणि शून्य दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा. मग सेटिंग्ज, अपिअरन्स, कस्टमाइझ फॉन्ट्स इथे जा. स्टँडर्ड, सेरिफ आणि सॅन्स-सेरिफ या तिन्ही ठिकाणी एकच चांगला देवनागरी फॉन्ट निवडा. मी 'मुक्त' सुचवेन. मुंबईच्या एक टाइपने तो केलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो (आधी तिथून उतरवून विंडोजमध्ये टाका), आणि त्यात ठळक (बोल्ड) वळण वेगळं रेखलेलं आहे. हे महत्त्वाचं आहे. ज्या फॉन्टमध्ये ठळक वळण नसतं, तिथे ब्राउझर साधं अक्षरच फुगवतो आणि 'ष्ठ', 'द्ध्य' अशा जोडाक्षरांच्या आतली पोकळी बुजून जाते. घरात तेलुगू किंवा कन्नडही वाचत असाल, आपल्याकडे पुष्कळ घरांत वाचतातच, तर गूगलची नोटो ही फॉन्टमालिका घ्या. त्यात तिन्ही लिप्यांचे वेगवेगळे फॉन्ट मिळतात.

त्याच पानावर किमान फॉन्ट साइज आहे, तो १६ करा. माझ्या मते सगळ्यात जास्त आराम यानेच पडेल. मराठी अक्षराला शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. बारा चौकोनांच्या उंचीत हे सगळं मावत नाही. अक्षर मोठं करायचं असेल तर क्रोमचा झूमही वापरा. झूममध्ये अक्षर नव्याने आखलं जातं, ताणलं जात नाही.

काही साइट स्वतःचा फॉन्ट लादतात, तिथे क्रोमची निवड चालत नाही. फायरफॉक्समध्ये चालते. त्याच्या फॉन्ट्सच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत देवनागरी निवडा, तुमचा फॉन्ट द्या आणि पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देणारी खूण काढून टाका. एखाद्या साइटवरची चिन्हं गायब झाली तर तेवढ्यापुरती खूण परत लावा.

क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजमधली अक्षरं स्वच्छ दाखवायची सोय, याबद्दल अनेक जण सांगतील. ते जरूर करा, स्टार्टमध्ये क्लिअरटाइप असं इंग्रजीत टाइप केलं की खिडकी येते. क्रोम अपडेट ठेवा, कारण विंडोजवर त्या खिडकीतल्या निवडीप्रमाणे अक्षरांचा गडदपणा ठरवणं क्रोमने आवृत्ती १३२ पासून, जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलं. पण त्याची मर्यादा ओळखा. क्लिअरटाइप प्रत्येक चौकोनाच्या लाल, हिरव्या, निळ्या उभ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरतो, म्हणून बारकाई आडव्या दिशेने वाढते. काना त्याने सुधारतो. शिरोरेखेला त्याचा फारसा उपयोग नाही, तिच्यासाठी वरचं रिझोल्यूशनच बरोबर लागतं.

अक्षरं मधूनच तुटत, चमकत असतील तर क्रोमच्या सिस्टम विभागात ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून बघा. आणि शिरोरेखाच प्रत्येक अक्षरानंतर तुटत असेल, तर साइट बनवणाऱ्याने अक्षरांमध्ये जागा सोडलीय. ते त्यांनाच कळवावं लागेल.

ड्रायव्हरचं काम उद्या दिवसा निवांत करा. किमान साइज तेवढी आज रात्रीच वाढवा, मुलगी अभ्यासाला बसायच्या आधी.